एका घागरीएवढा वेळ

तिखूर म्हटलं की आता लोकांना एकादशीची बर्फी आठवते. पांढरीशुभ्र, वेलची-बिलची घातलेली. "किती थंड असते हो पोटाला!" म्हणत खातात. खा बाबांनो, माझं काय जातं. मला त्या पांढऱ्या पिठाकडे बघून काही म्हणजे काही वाटत नाही. एक अख्खा उन्हाळा मी त्यात कोपरापर्यंत हात बुडवून बसले होते, आणि त्या उन्हाळ्यात मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

तेव्हा सगळा मिळून चांदा हा एकच जिल्हा होता. आमचं गाव वैनगंगेच्या काठी, मार्कंड्यापासून बैलबंडीनं अर्ध्या दिवसावर. घरची थोडी धानाची जमीन, आणि बा गावच्या तळ्यात मासोळी धरायचा. आम्ही दोघी बहिणी. थोरली लांब वरोऱ्याला दिलेली. भाऊजी तिथं कापसाच्या जिनात कामाला होते. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली. पौषात पोरगी झाली आणि सातव्या दिवशी बहीण तापानं गेली. मी सतरा वर्षांची होते.

मला रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, "रड वं, मोकळी हो." कशी मोकळी होणार, भरलेलं काही असेल तर ना! मी तिची लुगडी धुतली, वाळवली, घड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा उलगडून धुतली. माय म्हणाली, "काऊन तेच ते धुऊन राह्यली वं?" मी लुगडी पिळत राहिले.

तेराव्याला भाऊजी आले आणि ओसरीवर खाली मान घालून बसले. आत आमच्या नात्यातल्या बाया भांडी घासता घासता कुजबुजत होत्या. ती कुजबुज तरी कसली, चार घरं पलीकडे ऐकू जावी अशी. "धाकटी हाये नं घरात. लेकरू जगलं तं हिलेच देतीन. वर्षाच्या आत." दुसरी म्हणाली, "जगलं तं हो." मी राखेचा हात तसाच धरून उभी होते. पोरगी जगली तर मी वरोऱ्याला, बहिणीच्या जागी. नाही जगली तर मी सुटले.

आता या वयात लाजायचं कुणाला? सरळ सांगते, मला भाऊजी नको होते. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. भुवयांत कापसाचं पांढरं अडकलेलं, सारखे खोकायचे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, नाही म्हणायला कारण तरी मिळालं असतं. पण आमच्याकडे मुलीला विचारायची पद्धतच नव्हती. आणि तेव्हा विचारलं असतं तरी मी काय बोलले असते, देव जाणे.

पोरगी जगायचं चिन्ह दिसेना. महिनाभर शेजारच्या बाळंतिणीनं अंगावर पाजली, मग तिचाच पान्हा आटला. शेळीचं दूध दिलं की पोरगी ओकायची. गाईचं दिलं की हगवण. कुणी म्हणालं तिखूर द्या, म्हणून बाजारातून आणून त्याची पेज पाजली, तर पोट तट्ट फुगलं आणि दोन दिवस ती नुसती कण्हत पडली. मायनं हात टेकले. ती म्हणाली, शिवरात्र जवळ आली आहे, मार्कंड्याच्या देवाच्या पायावर घालून आणू, मग त्याची मर्जी.

जत्रेत नदीच्या वाळूवर दुकानं मांडलेली. धानोऱ्याकडच्या जंगलातली एक गोंड म्हातारी तिखूर विकायला बसली होती. हळदीसारखे कंद जंगलातून खणून आणायचे, दगडावर किसायचे, पाण्यात धुवायचे, आणि तळाला जे पांढरं बसेल ते वाळवायचं, तेच हे तिखूर. माझ्या काखेत पोरगी रडत होती. म्हातारीनं काही न विचारता हात लांब केला आणि पोरीचं पोट दाबून पाहिलं.

"काय पाजून राह्यली इले?"

"तुमचंच तिखूर," मी तोडून बोलले. "दुसरं काय?"

म्हातारी हसली. तोंडात दोनच दात. "सगळं पाजते का? सगळं नाई पाजत, बाई."

तिनं पळसाच्या द्रोणात पाणी घेतलं. पाण्याला ती तिच्या बोलीत येर म्हणायची. त्यात चिमूटभर तिखूर टाकून बोटानं ढवळलं, थोडी थांबली, आणि वरचं दुधासारखं पाणी दुसऱ्या द्रोणात ओतलं. पहिल्या द्रोणाच्या तळाला जे राहिलं ते माझ्या बोटांवर ठेवून म्हणाली, चोळ. चोळलं तर कचकच वाजलं. मग दुसऱ्यातलं पाणी बसू दिलं आणि तळाचं चोळायला लावलं. काहीच लागलं नाही. बोटांत काही आहे की नाही तेही कळेना.

"मोठे दाणे जड. ते पयले खाली बसतेत. लहाने वरते तरंगत राह्यतेत. मोठ्याची पेज घट्ट होते, गोळे होतेत, लेकराच्या पोटात तशीच बसून राह्यते. ते तुम्ही खा, वड्या करा, धोतराले खळ लावा. लेकराले हे लहानं."

"किती वेळ थांबायचं मग?"

"जिभीले विचारजो. लवकर ओतलं तं मोठे बी येतेत, दाताखाली वाजते. उशीर केला तं लहाने बी खालीच जातेत, तुह्या हाती नुसतं येर."

माय पोरीला घेऊन देवळात गेली. मी म्हातारीजवळच बसून राहिले.

घरी आल्यावर तीन मडकी मांडली. पहिल्यात बाजारचं तिखूर ढवळायचं, वरचं पाणी दुसऱ्यात ओतायचं, दुसऱ्यातलं दिवसभर बसू द्यायचं, वरची पिवळट कडवट साय काढून फेकायची, तळाचं पुन्हा स्वच्छ पाण्यानं तिसऱ्यात धुवायचं, मग फडक्यावर वाळवायचं. पहिले चार दिवस मी जिभेवर घेऊन घेऊन थुंकत होते. कधी कचकच, कधी नुसतं पाणी. मग कंटाळा आला. मडक्याकडे डोळे लावून बसलं की मला बहिणीचा चेहराही दिसत नव्हता, काहीच दिसत नव्हतं, नुसतं पांढरं. एकदा तसंच ढवळून ठेवलं आणि घागर घेऊन निघून गेले. आमची विहीर गावाबाहेर, आंब्याच्या बनाच्या पलीकडे. पाणी शेंदून, घागर डोक्यावर घेऊन परत आले, आणि मग वरचं ओतलं. दुसऱ्या सकाळी तळाचं जिभेवर घेतलं तर काही लागलं नाही. अगदी म्हातारीच्या द्रोणातल्यासारखं. त्या दिवसापासून जिभेला विचारणं मी सोडून दिलं. ढवळायचं, विहिरीवर जायचं, यायचं, ओतायचं. डोकं चालत नव्हतं, पाय चालत होते. पायांवर काम भागलं.

त्या बारीक तिखुराची पातळ पेज, त्यात शेळीच्या दुधाचे चार थेंब, हळूहळू आठ, हळूहळू निम्मं. पोरगी ओकली नाही. पोट फुगलं नाही. पंधरा दिवसांत तिच्या मांडीला वळी पडली. माय पोरीची दृष्ट काढायला लागली. सगळे म्हणायचे, "मावशीच्या हाताले गुण हाये बाप्पा!" ते ऐकलं की मला कळायचं, आपण वरोऱ्याच्या वाटेवर एकेक पाऊल टाकतो आहोत. वाईटही वाटत नव्हतं. बैल घाण्याला फिरतो तशी मी विहिरीवर जात होते.

चैत्रातली एक सकाळ मात्र सांगते. माय मोहफुलं वेचायला गेलेली, बा तळ्यावर. वाळवलेलं बारीक संपलं होतं. जाडं पहिल्या मडक्यात भरपूर होतं. मी त्याचीच पेज केली. चुकून नाही, सगळं कळत असताना. वाटीत ओतली, पोरीला मांडीवर घेतलं. राग नव्हता, द्वेष तर मुळीच नव्हता. डोक्यात एवढंच होतं, की ही पाजली की वरोरा नाही. पोरीनं वाटी बघितली आणि तोंड उघडलं. मी ती वाटी माझ्याच तोंडाला लावली आणि गोळ्यांसकट घटाघटा पिऊन टाकली. जीभ भाजली. मग पोरीला गुळाचं पाणी चाटवत बसले आणि नवं बारीक तळाला बसेपर्यंत ती दिवसभर किंचाळत होती. तिच्या किंचाळण्याचा मला असा संताप आला! बरं वाटलं मला. निदान संताप तरी आला.

वैशाख सरता सरता भाऊजी आले. एकटे नाही. सोबत नवी बायको.

त्यांनी गाजावाजा न करता लग्न उरकून घेतलं होतं. मायला म्हणाले, "धाकटीच्या मनात नाई, हे मले दिसत होतं. तिच्या गळ्यात काऊन टाकू? लेकरू घेऊन जातो आता." मी दाराआड उभी होते. मी सुटले होते. ज्याच्यासाठी ती वाटी पोरीपुढं नेली होती ते आयतं पदरात पडलं होतं. पण हे लेकरू घेऊन जातो? कुणाचं लेकरू? त्याला तिसरं मडकं कुठलं ते तरी ठाऊक आहे का?

मेलेलीच्या माहेरी नव्या बायकोला आणायची आमच्याकडे रीत. तिची ओटी भरायची, मग ती या घरची लेक झाली. मायनं तिला पाटावर बसवलं. बहिणीचं लुगडं, मीच दहा वेळा धुतलेलं, तिच्या अंगावर घातलं आणि माय तिच्या गळ्यात पडून रडली. तीही रडली. माझ्याच वयाची असेल. बोटं कापसाच्या बोंडांनी ओरखडलेली. सगळं आटोपल्यावर ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "बाई, हिले काय काय देता ते मले शिकवा. मले काईच येत नाई. माह्या हातून हिले काही झालं तं लोक मले जिती ठेवतीन का?"

मी शिकवलं. तीन मडकी मांडून दाखवली. ढवळून दाखवलं. साय काढून दाखवली. हुशार होती, एकदा सांगितलेलं तिला पुरत होतं. शेवटी तिनं बोटांवर मोजत सगळं म्हणून दाखवलं. "ढवळायचं. मंग घागर घेऊन विहिरीवर जायचं. एक घागर भरून आणायची. आली का वरचं पाणी दुसऱ्या मडक्यात. बरोबर हाये नं, बाई?"

"बरोबर," मी म्हटलं.

थोरलीच्या लग्नानंतर पाठराखीण म्हणून मी वरोऱ्याला महिनाभर राहिले होते. त्या घराची विहीर अंगणातच आहे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून दहा पावलं. मी स्वतः रोज तिथं पाणी शेंदलं होतं. आणि मी बरोबर म्हटलं. विसरले होते का? नाही. आठवलं होतं का? तेही नाही. ती विहीर माझ्या आत कुठंतरी होती आणि मी तिकडे बघितलं नाही. याच्यापुढं मला खरं सांगता येत नाही, आणि मी पुष्कळ प्रयत्न केला आहे.

वाळवलेलं बारीक तिखूर पंधरा दिवसांचं बांधून दिलं. बाजारचं सरमिसळ एक थैलीभर दिलं. बंडी नदीकडे वळली. पोरगी तिच्या खांद्यावर झोपलेली होती. मी आत येऊन मडकी पालथी घातली.

मग रिकामे दिवस. मी मोकळी होते, आणि त्या मोकळेपणाचं काय करतात ते कुणी शिकवलं नव्हतं. जेवायचे, झोपायचे, घागर घेऊन विहिरीवर जायचे. तीन आठवडे झाले असतील. एकदा बनातून परत येताना, भरली घागर डोक्यावर असताना, मला वाटलं, केवढी लांब आहे ही विहीर. बस, एवढंच वाटलं. घागर खाली ठेवली की पडली, आठवत नाही. मी घरी पळत आले आणि बाला म्हटलं, "मले वरोऱ्याले घेऊन चला. आत्ता."

"काऊन? काय झालं?"

"पोरीची आठवण येऊन राह्यली," मी म्हटलं. पहिलं खोटं ते.

डोंग्यानं नदी ओलांडली, बंडीनं मूल गावापर्यंत गेलो, तिथून छोट्या आगगाडीनं चांदा, चांद्याहून वरोरा. दुसऱ्या दिवशी दुपार कलताना पोचलो. अंगणात शिरले तोच वास आला. पोरगी खाटेवर होती. पोट मडक्यासारखं वर, हातापायांच्या काड्या. डोळे उघडे होते पण कुणाला ओळखत नव्हते. आठ दिवस हगवण चालली होती. दवाखान्यातून आणलेली बाटली उशाशी तशीच.

आणि ती, नवी, विहिरीवरून घागर घेऊन येत होती. दहा पावलं. मला बघून घागर ठेवून धावत आली. "बाई, बरं झालं तुम्ही आल्या! पाहा नं, तुम्ही सांगतलं तसंच करून राह्यली. एक बी दिवस चुकवला नाई. देवाची शपथ." तिनं माझा हात धरून मला मडक्यांपाशी नेलं. मी दुसऱ्या मडक्यातलं बोटांवर घेऊन चोळलं. कचकच, कचकच वाजत होतं.

ओसरीवरून बहिणीची सासू ओरडली, "तिले काय विचारते? सावत्र ते सावत्र! लेकरू मारायले बसली हे. सख्ख्या मावशीच्या हातानं कसं फुगलं होतं अन् इच्या हातानं आठ दिवसांत हे हाल!"

तेव्हाच बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. तिची चूक नाही, विहीर जवळ आहे. संपलं. पण पोरगी माझ्या मांडीवर होती. माझं बोट तिनं मुठीत धरलं होतं, आणि त्या मुठीत जोर नव्हता. मी बोलले असते तर त्यांनी तिला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं असतं. निदान मला तसं वाटलं. मी म्हटलं, "आधी हिले पाहू द्या." आणि घरच्या पातेल्यात पाणी घेतलं.

ढवळून विहिरीवर नाही गेले. मडक्यापाशीच बसले आणि जिभेवर घेत राहिले. पहिले दोन दिवस पोरीला नुसतं मीठ-साखरेचं पाणी आणि पेजेचं वरचं निवळ. तिसऱ्या दिवशी पेज पोटात राहिली. सहाव्या दिवशी तिनं माझ्याकडे बघितलं. ओळखून बघितलं. तेव्हा, सहा महिन्यांनी, मी पहिल्यांदा रडले, आणि अशी रडले की सासूनं पाठीवर हात फिरवला. रडतारडता मला कळलं की ही पोरगी मला हवी आहे. भाऊजी नको होते, वरोरा नको होता, पण ही हवी होती, आणि हिच्यासाठी मी काहीही गिळणार होते.

सासूनं निकाल दिला. "हिलेच ठेवून घेऊ. त्या दुसरीले तिच्या बापाकडे पोचवा. तिचा हात चांगला नाई." भाऊजी खोकले. म्हणाले, "थोडे दिवस माहेरी जाऊन ये." थोडे दिवस म्हणजे काय ते घरातल्या सगळ्यांना कळलं, तिलाही. माझं लग्न त्या वर्षाच्या आत लागलं, बाया म्हणाल्या होत्या तसंच. त्या घरात मी उभा जन्म काढला. पोरगी मला आई म्हणते. तिलाही मी हे सांगितलेलं नाही.

जायच्या दिवशी नवीनं गाठोडं बांधलं. बहिणीचं लुगडं घडी करून खाटेवर ठेवून दिलं. सासू घरात, भाऊजी जिनात. मी अंगणात पोरीला पाजत होते. ती माझ्यासमोर उकिडवी बसली. पोरीच्या पायाला तिनं हात लावला, लगेच काढून घेतला.

"बाई, एक विचारू? रागावू नका," ती म्हणाली. "माह्या पोटात राह्यलं हाये. कोणाले सांगतलं नाई अजून. पुढं मले लेकरू होईन, त्याले तरी काही होऊ नये. माह्यं काय चुकलं तेवढं सांगा."

पोरगी माझ्या हातातल्या वाटीतलं चुटूचुटू पीत होती. विहीर आमच्या दोघींच्या समोर होती.

"तुमची घाई झाली," मी म्हटलं.

तिनं ते खरं मानलं. मान हलवली, "हो, माह्यी घाईच होते," म्हणाली, आणि गाठोडं उचलून गेली.